पाठ असलेला पत्ता

किशनरावांनी तूरडाळीची पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या बाईला विचारलं,

"कारवान किधर पडता, माय?"

बाईनं मान वर केली नाही. हातातली सुतळी दातांनी तोडली आणि तिच्याच टोकानं पुलाची पलीकडची बाजू दाखवली.

पुराना पूल आता गाड्यांना बंद होता. दोन्ही कठड्यांना पाठ लावून भाजीवाल्या बसल्या होत्या आणि मधल्या वाटेनं रविवारचं हैदराबाद पिशव्या हलवत चाललं होतं. किशनराव कठड्याशी जरा टेकले. खाली मुसी होती. काळं पाणी, काठाला फेस, खडकांवर वाळत घातलेली धुणी आणि गुडघाभर गाळात उभ्या म्हशी. एकोणीस वर्षांपूर्वी ते या पुलावरून दोनदा गेले होते, एकदा जाताना आणि एकदा येताना. पण नदी पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आठवत होती ती उंच जोत्यावरची एक मशीद, तिच्या मागची अरुंद गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी वह्या-पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान. त्या माणसाचं नाव करीम, त्याच्या बायकोचं बानो. बाकी पत्ता तहसीलच्या कागदावर होता आणि तो कागद तेव्हा चुलतभाऊ शेषेरावानं धरला होता. शेषेरावही आता राहिला नव्हता.

पुलाच्या मध्यावर दहा-बारा माणसांचा घोळका उभा होता. डोक्यावर टोप्या, गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. त्यांच्यापुढं पंचविशी ओलांडलेली, ओढणी कंबरेला खोचलेली एक मुलगी हात हलवून सांगत होती. जुनं शहर बघायला निघालेली मंडळी असावीत. मुलगी इंग्रजीत एक वाक्य बोले आणि तेच पुन्हा हिंदीत सांगे.

"तब शहर यहाँ नहीं था. शहजादे को उस पार जाना रहता था. एक दिन बाढ़ में घोड़ा डाल दिया. बच गया, मगर बाप इतना डर गया कि उसने ये पूल बांध दिया." ती हसली. "किस्सा शायद सच नहीं है. लोगों को पसंद है, इसलिए सुनाती हूँ."

घोळका हसला. किशनराव हसले नाहीत. त्यांनी कठड्याच्या दगडावर हात ठेवला होता, तो काढून घेतला.

"अब कारवान चलते हैं," मुलगी म्हणाली. "मस्जिद देखेंगे."

किशनराव त्यांच्या मागं चालू लागले. कुणी अडवलं नाही. एका टोपीवाल्यानं तर पिशवीकडं बघून रस्ता करून दिला. मुलगी सांगत होती, की इथं काफिले उतरायचे. राजधानीच्या वेशीबाहेरची ही पेठ. उंट, घोडे, इराणचे व्यापारी. हिरे तासणारे कारागीर याच गल्ल्यांत बसायचे. किशनराव दोन्ही बाजूंनी बघत होते. पत्र्याची दुकानं, टायरांचे ढीग, एका कमानीखाली बांधलेला बोकड. खांदा भरून आला होता, पण पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

ते इथं येण्याला कारण झाली मुदखेडची एक मुलगी.

लातूरच्या शिकवणीच्या भागात, जिथं घरटी एक खानावळ आणि दर दुसऱ्या इमारतीवर डॉक्टर झालेल्या पोरांच्या फोटोंचे फलक आहेत, तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर किशनराव बसत. आधी ते तिथं बसले ते लेकीसाठी. दीपमाला अकरावीला आली तेव्हा त्यांनी शेत शेषेरावाच्या पोरांना कसायला दिलं, नव्या गावातलं सरकारी घर बंद केलं आणि लातूरला येऊन ही नोकरी धरली. दीपमाला डॉक्टरकीला लागली, नांदेडला गेली, पुढं शिकायला पुण्याला गेली. किशनराव फाटकावरच राहिले. कुठं जायचं, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

मुदखेडची मुलगी दिवाळीनंतर डेंग्यूनं आजारी पडली. वॉर्डनबाई सुट्टीवर. किशनरावांनीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि ते तिच्या खाटेशी दोन दिवस बसून राहिले. मोसंबी सोलून दिली. तापात ती आईला हाका मारी, तेव्हा "आली, आली, रस्त्यात हाय" असं सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी तिचा बाप जीप घेऊन आला. त्यानं डॉक्टरशी बोलणं केलं, पोरीला म्हणाला, "चल, आवर," आणि तिला धरून घेऊन गेला. जाताना त्याची नजर किशनरावांवरून गेली, ती सलाईनच्या दांडीवरून जावी तशी.

किशनरावांना राग आला नाही. ते मोकळ्या खाटेच्या कडेला बसले. तो बाप त्यांनी ओळखला होता. एकोणीस वर्षांपूर्वी ते स्वतः तसेच कारवानच्या गल्लीतून चालत गेले होते.

भूकंप झाला त्या पहाटे ते रानात होते. गणपती बोळवून आल्यावर घरी न जाता ते खोपीतच आडवे झाले होते. जमीन हलली, विहिरीतलं पाणी उसळलेलं ऐकू आलं, आणि उजाडायला गावाकडं धावत गेले तर गाव नव्हतं. मातीचा एकच ढीग होता. बायको सगुणा आणि चार वर्षांचा आदिनाथ त्यांना दुसऱ्या दिवशी सापडले. दीपमाला सापडली नाही. तिला त्याआधीच कुणीतरी ढिगाऱ्यातून काढलं होतं. पाय चिरडलेली सात वर्षांची पोर कुठल्या ट्रकमध्ये गेली, कुठल्या गावाला, कुणालाच सांगता येईना. दिवाळीच्या तोंडावर पत्र्याच्या शेडमध्ये तलाठी यादी घेऊन आला आणि म्हणाला, तुमची मुलगी हैदराबादला जिवंत आहे.

किशनराव म्हणाले होते, "उद्या जातो."

ते गेले ते जानेवारीत.

मशीद त्यांनी लांबूनच ओळखली. तेच उंच जोतं, तेच दोन मिनार, दगडावर कोरलेली तीच बारीक नक्षी. घोळका पायऱ्यांवर बसला. कुणी फोटो काढू लागलं, कुणी बूट सैल केले. मुलगी एका बाजूला उभी राहून पाणी पीत होती. किशनराव तिच्याजवळ गेले.

"बेटी, इदर एक जिल्दसाज थे. किताबां बांधते थे. करीम नाम था."

मुलीनं बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबवला.

"कौन पूछ रहे?"

"मैं लातूर से आया. किशनराव."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. आधी चेहऱ्याकडं, मग खाली पायांकडं, मग पुन्हा चेहऱ्याकडं. आणि मराठीत, शब्द एकेक उचलून ठेवल्यासारखी म्हणाली,

"दीपमालाचे बाबा."

तो प्रश्न नव्हता. किशनरावांना वाटलं, लहानपणीची नावं माणसं विसरत नाहीत.

"मी हुमा. करीम माझे अब्बा. दवाखान्यात मी तिच्या शेजारच्या खाटेवर होते." तिनं बाटली पिशवीत टाकली. "अब्बा गेले. दोन वर्षं झाली. अम्मी आहे."

तिनं मंडळींना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि पुढं चालू लागली. गल्ली तीच होती. दुकानाच्या जागी मोबाईल दुरुस्तीची टपरी आली होती. हुमा मागं न बघता चालत होती. हिरव्या दारापाशी ती थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"तिला बीपीचा त्रास आहे. रडवू नका तिला."

दार ढकलून तिनं आत काहीतरी सांगितलं आणि किशनरावांना तिथंच सोडून ती परत गेली.

बानोबी ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर जाड चष्मा, पण बसण्याची ठेवण तीच. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"या," त्या म्हणाल्या. "आज आत या."

'आज' हा शब्द त्यांनी काही जोर देऊन म्हटला नव्हता. तरी किशनरावांचा पाय उंबऱ्यावर अडला. त्या दिवशी याच दारात या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. "आमची गाडी हाय," असं शेषेराव म्हणाला आणि किशनरावांनी तोंड फिरवलं होतं. दीपमालानं बाईची ओढणी मुठीत धरली होती. एकेक बोट उकलून त्यांनी ती सोडवली. पोर "अम्मी, अम्मी" करत होती. ते म्हणाले होते, "ती तुझी आई न्हाई." बाईनं वाटेत खायला म्हणून फडक्यात बांधून दिलेला डबा त्यांनी बसस्टँडच्या बाकावर ठेवला आणि बसमध्ये चढले.

त्यांनी चपला काढल्या. आत येऊन तख्ताच्या अगदी कडेला बसले. पिशवी भिंतीशी ठेवली.

"घरची डाळ हाय. तुरीची."

"बरं केलं. इथली शिजत न्हाई लवकर." बानोबींनी पाणी आणून दिलं. किशनरावांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. त्या बघत होत्या. त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

"तुम्ही मराठी बोलता," किशनराव म्हणाले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्या वेळी ते या बाईचं एक वाक्यही ऐकून घ्यायला थांबले नव्हते.

"माझं माहेर उदगीर. किल्ल्याच्या खालची गल्ली. लगीन होऊन इकडं आले." त्या परत ताटापाशी बसल्या. "म्हणून तर. हुमाला ताप आला म्हणून मी त्या वॉर्डात होते. शेजारच्या खाटेवर पोरगी पानी पानी करून राहिली. नर्स तेलुगू. तिला पानी तेवढं कळतंय, पण पोरगी पुढं काय म्हणती ते कळंना. ती म्हणत होती, आदूला आधी द्या. आदूला आधी पानी द्या."

किशनरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले.

"आदिनाथ. धाकटा," ते म्हणाले.

"कळलं मला मागून. दवाखान्यातून तिला इथं घरी आणल्यावर."

बानोबी पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. किशनरावांनी रात्रभर बसमध्ये जे जुळवलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य सापडेना.

"मी आलो ते..." ते म्हणाले, "तुमचे आभार मानायचे राहिले होते. लई उशीर झाला."

"चहा घ्याल, का जेवायलाच वाढू?"

"न्हाई, मी..."

त्यांची नजर वर गेली ती समोरच्या भिंतीवर. तिथं चौकटीत एक फोटो होता. काळा झगा घातलेली दीपमाला मधोमध उभी. एका बाजूला चष्म्यातला, कृश झालेला करीम, दुसऱ्या बाजूला बानोबी आणि हुमा. मागं नांदेडच्या कॉलेजचं फाटक आणि त्यावर चढलेली कागदी फुलांची जांभळी वेल.

किशनराव उठले. फोटोजवळ गेले. असाच एक फोटो वसतिगृहातल्या त्यांच्या खोलीत होता. तोच झगा, तीच वेल, तेच फाटक. फक्त शेजारी ते स्वतः होते, अंगातल्या नव्या शर्टाच्या घड्या तशाच दिसत होत्या. त्या दिवशी दीपमालानं त्यांना दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. म्हणाली होती, बाबा, तुमची ड्यूटी चुकेल. बस गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, थोडा वेळ थांबायला हवं होतं. पण कशाला, ते सुचलं नव्हतं.

"आम्ही चारच्या गाडीनं पोचलो," मागून बानोबी म्हणाल्या. "तिनंच तसं सांगितलं होतं."

किशनराव फोटोकडं बघतच राहिले.

"कधीपासून?"

"अकरावीत होती. पत्र आलं तिचं लातूरहून. 'अम्मी, मी दीपमाला. तुम्हाला आठवते का?'" बानोबींनी ताट बाजूला सारलं. "इथं होती तेव्हा बाजारात न्यायची मी तिला. लंगडत चालायची, गर्दी एवढी. गुम झाली तर सांगता यावा म्हणून घराचा पत्ता पाठ करून घेतला होता तिच्याकडून. नळावर, अंगणात, झोपताना, सारखा म्हणून घ्यायची. तेवढा तिनं ठेवला दहा वर्षं. घर नंबर, गल्ली, पिन कोडसुद्धा."

बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. किशनराव परत तख्तावर येऊन बसले. या वेळी कडेला नाही, जरा आत.

बसमध्ये दीपमाला दख्खनीत काहीतरी बोलली होती. ते म्हणाले होते, "आता तसं बोलायचं न्हाई." त्यानंतर ती जहीराबाद येईपर्यंत बोलली नाही. खरं म्हणजे त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. अभ्यास करायची. लातूरला आल्यावर तर तिची मराठी पुस्तकातल्यासारखी झाली. रविवारी फोन करायची तोही तसाच. बाबा, गोळ्या घेतल्या का. बाबा, थंडी आहे, स्वेटर घाला. सगळं नीट, स्वच्छ. किशनराव "हो" म्हणायचे. मग ती म्हणायची, ठेवते.

"मला सांगितलं न्हाई तिनं," ते म्हणाले.

"मीच म्हटलं होतं, सांग बापाला. तर म्हणाली, नको अम्मी, बाबांना वाईट वाटेल."

"राग येईल, असं न्हाई म्हणाली?"

"न्हाई. वाईट वाटेल म्हणाली."

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं, शेषेरावालाही नाही, ते त्यांनी जमिनीकडं बघत सांगून टाकलं.

"मला दिवाळीलाच कळलं होतं. पोरगी जिवंत हाय म्हणून. दोन-अडीच महिने मी आलो न्हाई. गाडी होती, पैसे सरकार देत होतं. रोज म्हणायचो, उद्या जातो. ती इचारंल, आई कुठं हाय, आदू कुठं हाय. अन् तुम्ही कुठं होता. काय सांगणार होतो मी?"

"मला माहीत होतं," बानोबी म्हणाल्या.

किशनरावांनी वर बघितलं.

"दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. वडिलांना कळवलं, अमुक तारखेला. मी रोज वाट बघायची. पोरगी तर दारातच बसायची. मग मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांच्या पायाला लई लागलंय. तुझ्यासारखंच. चालता येत न्हाई. बरा झाला की चालत येतील, बघ." त्यांनी चष्मा काढून पुसला. "काय सांगायचं दुसरं? लेकराला काहीतरी सांगावं लागतं."

किशनरावांना तो दिवस आठवला. गल्लीच्या तोंडाशी ते उभे होते आणि दीपमाला दारातून त्यांच्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही, पायांकडं. धोतराखालच्या धडधाकट पायांकडं, बराच वेळ. पोर घाबरली असेल, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. इतकी वर्षं ते तसंच समजत आले होते.

"तिला कळलं असंल," ते म्हणाले.

"कळलंच. शहाणी हाय ती." बानोबी उठल्या. "कणिक मळते. हुमा येईल तासाभरात. जेवूनच जायचं. आता गाडी हाय म्हणू नका."

त्या आत गेल्या. किशनराव एकटेच राहिले. कोनाड्यात जाड बांधणीच्या वह्यांची एक चळत होती, करीमनं बांधलेल्या. वरच्या वहीच्या पाठीवर दीपमालाचं अक्षर होतं. करीम गेला त्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, दीपमाला आठवडाभर फोन उचलत नव्हती. मग म्हणाली होती, बाबा, परिषद होती, गडबडीत होते. आवाज बसलेला होता. त्यांनी विचारलं नव्हतं, काय झालं. काढा घे, एवढंच म्हणाले होते. त्यांनी वहीला हात लावला नाही. भिंतीला टेकून बसले. घरात मसाल्याचा वास सुटला होता. कुणाच्या घरात असं बसून त्यांना फार दिवस झाले होते.

तख्तावर पडलेला बानोबींचा मोबाईल वाजू लागला.

"घ्या हो जरा," आतून बानोबी म्हणाल्या. "माझे हात भरलेत. हुमा असंल, सांगा, दही आन म्हणावं."

किशनरावांनी फोन उचलला, हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. दही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"अम्मे, ऐक की. बाबांचा फोन लागंना सकाळधरून. बंदच येऊन राहिलाय."

दीपमाला होती. किशनरावांचा स्वतःचा फोन रात्री बसमध्येच बंद पडला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. पण ते त्याच्याकडं लक्ष देत नव्हते. ते आवाज ऐकत होते. भरभर, एका श्वासात, शब्द एकमेकांवर आदळत. दीपमाला जुन्या गावची बोली बोलत होती. पत्र्याच्या शेडच्या आधीची, मातीच्या घरांतली. सगुणा अशीच बोलायची, चुलीपुढं बसून, मागं वळून न बघता.

"हॉस्टेलवर लावला तर ते म्हनले गावाला गेलेत. कंच्या गावाला? त्यांना जायाला गाव तरी हाय का कुठं, अम्मे? नव्या गावात त्यांचं कुनी न्हाई. मी शेतावर लावून बघितला, तिथंबी न्हाईत. सांगून जायाचं की न्हाई मानसानं. मला कामून सांगत न्हाईत ते काई? मी कवाधरून बसलेय नुसती. ड्यूटीला जावं वाटंना. अम्मे? बोल की. ऐकून राहिलीस ना?"

किशनरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"अम्मे?"

बानोबी पिठाचे हात पुसत दारात आल्या होत्या. किशनरावांचं तोंड बघून त्या पुढं झाल्या आणि त्यांनी फोन हळूच काढून घेतला.

"हां बेटा," त्या म्हणाल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. ऐकताना त्यांनी किशनरावांकडं प्रश्नार्थक बघितलं. किशनरावांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

"नको घाबरू," बानोबी म्हणाल्या. "इथं हायत. माझ्यापुढं बसलेत. ...हां, इथं म्हणजे इथं. घरी."

त्या थांबल्या. पलीकडून काही येईना. त्यांनी फोन कानापासून लांब धरून बघितला, पुन्हा कानाला लावला. "दीपू?" असं एकदा म्हणाल्या. मग त्यांनी फोन बंद न करता तख्तावर किशनरावांच्या शेजारी ठेवला आणि आत निघून गेल्या. लाटण्याचा आवाज सुरू झाला.

फोनवरचे आकडे पुढं सरकत होते. पलीकडं पंखा फिरत असावा. एकदा खुर्ची सरकल्यासारखं वाजलं. मग कुणीतरी नाक ओढलं.

किशनरावांनी धोतराचा सोगा सावरला आणि फोनच्या जरा जवळ सरकून बसले.